बाहेरगावच्या पाप्यांची काशी

वाराणसीच्या कोतवालाची जुनी फाइल चारित्र्य-पडताळणीसाठी पाठवली, तर त्याला होमगार्ड म्हणूनसुद्धा कोणी घेणार नाही. ब्रह्मदेव आणि महादेव यांच्यात थोर कोण, यावरून एकदा वाद पेटला. ब्रह्मदेवाला तेव्हा पाच तोंडे होती आणि पाचवे जरा जास्तच बोलले. महादेवाच्या कोपातून निघालेल्या काळभैरवाने डाव्या हाताच्या नखाने ते मस्तक खुडले. खुडणे सोपे होते, टाकून देणे अवघड. कवटी हाताला चिकटली ती चिकटलीच. आरोपी मुद्देमाल हातात घेऊन तिन्ही लोकांत भीक मागत फिरला आणि ब्रह्महत्या बाईचे रूप घेऊन त्याच्या मागे मागे फिरली. काशीच्या हद्दीत पाऊल पडले आणि कवटी गळून पडली. त्या जागेला कपालमोचन म्हणतात. काशीखंडातली ही गोष्ट निर्दोष सुटकेवर थांबत नाही, पुढे नेमणुकीवर जाते. महादेवाने याच आरोपीला शहराचा कोतवाल केले, वर ‘पापभक्षण’ असे नावही बहाल केले.

नेमणूक अजून चालू आहे. विश्वेश्वरगंजच्या बाजूच्या गल्लीत काळभैरवाचे देऊळ आहे. प्रसादाच्या टोपलीत फुलांबरोबर तेल असते आणि काहींच्या टोपलीत दारूची बाटलीही असते. पुजारी मोरपिसांच्या दांड्याने भक्ताच्या पाठीवर एक थाप देतो, काळ्या दोऱ्याचा गंडा बांधतो आणि ‘पुढे चला’ म्हणतो. जन्मभराच्या हिशेबाला एवढी एक थाप. जवळच्या कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची बाबांसाठी रिकामी ठेवून अधिकारी शेजारच्या खुर्चीत बसतात, हे वर्तमानपत्रांतून कितीदा तरी छापून आले आहे. साहेब जागेवर नाहीत, हे उत्तर त्या ठाण्यात तरी द्यायची सोय नाही.

कोतवाल म्हटले की मराठी माणसाला आधी घाशीराम आठवतो. पुण्याचा हा उत्तर हिंदुस्थानी कोतवाल, नाना फडणिसांच्या मेहेरबानीवर मातला. १७९१ साली त्याच्या कोठडीत दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि पुणेकरांनी त्याची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचले. विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये त्याला पुन्हा उभा केला, तेव्हाही गदारोळ झालाच. दोन्ही कोतवालांवर आळ ब्रह्महत्येचाच. पुण्यातल्याला दगड मिळाले, काशीतल्याला शेंदूर.

आता गंमत पाहा. काळभैरवाचे हल्लीचे देऊळ बांधून घेतल्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातल्या एका पुण्याच्या माणसाला दिले जाते. हा माणूस म्हणजे पेशवाई घालवणारा, मराठी इतिहासात ‘पळपुटा’ या विशेषणाशिवाय ज्याचे नाव फारसे येत नाही, तो दुसरा बाजीराव. कोतवालाचे घर कोणी बांधून द्यावे, याची निवड इतकी अचूक क्वचितच होत असेल.

काशी ही पुण्यवंतांची नगरी आहे, हा समज यात्रा कंपन्यांनी पसरवला असावा. तिचे खरे गिऱ्हाईक पापी. पुण्यवंताचे काय, तो घरीच सुखात असतो. त्याला दोन दिवस रेल्वेचे धक्के खाऊन पिंडदानाचा भाव करण्याची गरज नसते. घाटावरची छत्री, नावाडी, न्हावी, गंगापुत्र, मुक्तिभवन, अस्थिकलशावरचे लाल कापड या सगळ्यांचा संसार इतरांच्या अपराधांवर चालतो. म्हणूनच शास्त्रकारांनी या धंद्याचे नियम फार बारकाईने घालून दिले आहेत. काशीत मरणाऱ्याच्या बाबतीत यमाला अधिकार नाही आणि चित्रगुप्ताच्या वहीत काशीकरांचे खाते नाही. त्याऐवजी मरतेवेळी भैरवी यातना. अनेक जन्मांत भोगायच्या शिक्षा क्षणभरात एकदम. जुन्या थकबाकीवर एकरकमी तडजोड करण्याची ही युक्ती बँकांना बरीच उशिरा सुचली.

मात्र एक अट आहे. पाप बाहेरून आणावे. अन्य ठिकाणी केलेले पाप काशीत धुतले जाते. काशीत केलेले पाप धुवायचे तर पंचक्रोशीची यात्रा. जवळजवळ ८० किलोमीटरचा फेरा, पाच मुक्काम, वाटेत १०८ देवस्थाने. पंचक्रोशीच्या वाटेवरच काही घडले, तर ते अंतर्गृहाच्या यात्रेत फिटते. आणि अंतर्गृहातच हात मारला, तर मात्र वज्रलेप. तो कशानेच निघत नाही. म्हणजे खालचे कोर्ट, वरचे कोर्ट, त्याच्या वरचे कोर्ट. दिवाणी दाव्यातल्या मराठी माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

स्थानिक मालावर इतके निर्बंध घातले, याचा अर्थ स्थानिक उत्पादन दांडगे होते. आठव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री दामोदरगुप्त याने ‘कुट्टनीमत’ हे हजाराहून अधिक आर्यांचे काव्य रचले. श्रीमंत तरुण कसे गळाला लावावेत याचे शिक्षण मालती नावाची गणिका त्यात विकराला नावाच्या म्हाताऱ्या कुंटणीकडून घेते. हा वर्ग दामोदरगुप्ताने कुठे भरवला, तर वाराणसीत. काश्मीरच्या मंत्र्यालाही अशा विद्यापीठासाठी दुसरे गाव सुचले नाही. पुढे बनारसी ठगाची कीर्ती अशी पसरली, की विधवा, वळू, घाटाच्या पायऱ्या आणि संन्यासी या चौघांपासून जपलात तरच काशी भोगाल, असे खुद्द बनारसीच बजावू लागले. या यादीतल्या तीन गोष्टींविषयी मतभेद होतील. पायऱ्या अजून तशाच निसरड्या आहेत.

मराठी मुलखाला काशी लागत असे ती मुख्यतः निकालासाठी. सोळाव्या शतकापासून पैठणच्या भट्ट घराण्यासारखी दक्षिणी कुटुंबे तिथे स्थिरावली आणि कोकणातल्या पंक्तीत कोणाला बसवायचे, याचे निर्णय गंगेकाठी होऊ लागले. १६५७ मध्ये देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहारावर विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात निर्णयपत्र झाले आणि त्यावर सत्तराहून अधिक पंडितांनी सह्या केल्या. इतक्या विद्वानांचे एकमत झाले, हाच त्या प्रकरणातला खरा चमत्कार.

रामशास्त्री प्रभुणे याच काशीत शिकून आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला हा वाद मराठी माणसाने आजपर्यंत मिटू दिलेला नाही. पण चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा रामशास्त्र्यांनी देहान्त सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा शाळेत ऐकल्याशिवाय कोणी मोठे होत नाही. सगळ्या पापांवर उतारा देणाऱ्या गावात शिकलेल्या माणसाने नेमका हाच एक उतारा सांगावा, हे राघोबादादांना फार लागले असणार.

राघोबांना प्रायश्चित्ताचा तिटकारा होता असे मात्र नाही. स्वतःचे राहिले, पण नोकरांचे त्यांनी थाटात करून दिले. १७८१ च्या सुमारास इंग्रजांची मदत मिळवण्यासाठी त्यांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्यासोबत मणियार पारशी बापलेक विलायतेला पाठवले. लंडनमध्ये यांच्या सोवळ्याचे हाल झाले, तेव्हा एडमंड बर्क या थोर संसदपटूने त्यांना आपल्या गावच्या घरी नेले आणि स्वयंपाकासाठी बागेतले काचघर मोकळे करून दिले. विलायती फुलझाडांच्या मधोमध वरणभात शिजला. परत आल्यावर ब्राह्मण मंडळींवर बहिष्कार पडला, कारण म्लेंच्छांच्या देशांतून प्रवास केला होता. शास्त्र धुंडाळले गेले. तोडगा निघाला तो असा की त्यांनी नवा जन्म घ्यावा. त्यासाठी सोन्याची स्त्रीमूर्ती किंवा गाय घडवून तिच्यातून बाहेर पडायचे. पण अख्खी मूर्ती फार महाग पडणार, म्हणून केवळ योनीची प्रतिमा चालेल, अशी सवलत मिळाली. दादांनी ती शुद्ध सोन्याची, माणूस आरपार जाईल एवढ्या मापाची घडवली. वकील एका बाजूने शिरले, दुसऱ्या बाजूने निघाले, मुंजी झाल्या, ब्राह्मणांना अपार दक्षिणा मिळाली, प्रकरण मिटले. पुतण्याच्या रक्तावर उपाय नव्हता, प्रवासावर होता.

ही पुनर्जन्माची हकिकत लिहून ठेवली ती बनारसमध्ये बसलेल्या फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने. हे गृहस्थ १७८८ पासून बनारसमध्ये होते आणि त्यांना संस्कृत ग्रंथांचे वेड लागले होते. पुराणांत ईजिप्त, नाईल नदी, नोहाचा प्रलय हे सगळे सापडणार, अशी त्यांची पक्की खात्री. त्यांनी एक पंडित नेमला, मदतनिसांच्या पगारासाठी पैसे दिले आणि उतारे काढायला सांगितले. साहेब संध्याकाळी गप्पांत पंडिताला बायबलातल्या कथा सांगत. काही दिवसांनी त्याच कथा पुराणांच्या पोथ्यांत सापडू लागल्या! नोहाचे शेम, हॅम आणि जेफेथ हे तीन मुलगे शर्म, चर्म आणि ज्यापती होऊन सत्यव्रताच्या घरी नांदताना आढळले. विल्फर्ड हरखून गेले. सर विल्यम जोन्स यांच्यासारख्या चिकित्सकालाही आधी शंका आली, मग पोथी दाखवल्यावर विश्वास बसला. १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये ईजिप्त आणि नाईलवरचा भला मोठा लेख छापून आला. युरोपात वाहवा झाली.

पंडिताने पगार खिशात घातले होते आणि पोथ्या धुंडाळण्याचा त्रास वाचवला होता. कुठे एखादा शब्द बदलला, कुठे कथा फिरवली, कुठे अख्खे अध्याय मनाने रचले आणि पोथीची पाने काढून आपली घुसवली. विल्फर्डना अखेर संशय आला, तेव्हा त्याने दहा ब्राह्मण आणून त्यांच्याकडून शपथेवर पोथ्या खऱ्या असल्याचे वदवण्याचीही तयारी केली. १८०५ मध्ये विल्फर्डनी त्याच नियतकालिकात सगळा प्रकार कबूल केला. या शोधाने आपली तब्येत धोक्यात आली, असेही त्यांनी लिहिले. जोन्स १७९४ मध्येच वारले होते, म्हणून सुटले. या पंडिताला लबाड म्हणावे हे खरे, पण गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे हे ओळखून ते संस्कृतात, छंदात आणि वेळेवर पुरवणारा माणूस आजच्या कुठल्याही जाहिरात कंपनीने डोक्यावर घेतला असता. विल्फर्ड १८२२ मध्ये बनारसमध्येच वारले. पाप बाहेरून आणावे हा नियम त्यांनी पाळला, फसवणूक मात्र स्थानिकच घ्यावी लागली.

साहेबांच्या वाट्याला बनारसमध्ये एकंदरीत बरे दिवस कमीच आले. ऑगस्ट १७८१ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज राजा चेतसिंगाकडून ५० लाखांचा दंड उकळायला आला आणि शिवाला घाटाच्या महालात राजाला अटक केली. पहाऱ्यावरच्या शिपायांनी बंदुका आणल्या होत्या, काडतुसे आणली नव्हती. लोकांनी त्यांना कापून काढले. राजा पागोट्यांचे दोर करून खिडकीतून नदीत उतरला आणि हेस्टिंग्जला रात्रीतून चुनारचा किल्ला गाठावा लागला. त्याच्या लोकांनी घाईत हौदा घोड्यावर आणि खोगीर हत्तीवर घातले, अशी थट्टा बनारसच्या पोरांच्या तोंडी राहिली. पुढे ब्रिटिश संसदेत त्याच्यावर महाभियोग चालला, तो १७८८ ते १७९५ सात वर्षे. त्यात हा बनारसचा मामलाही होता. शेवटी निर्दोष. चेतसिंग शिंद्यांच्या आश्रयाला गेला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरला वारला.

कंपनीने यातून काही शिकायचे नाही असे ठरवले होते. अवधचा नवाब वझीर अली पदच्युत केला, तेव्हा दीड लाखाचे वर्षासन देऊन त्याला ठेवले कुठे, तर बनारसला. उधळेपणाची त्याची ख्याती मोठी. १७९५ मधल्या त्याच्या लग्नाला ३० लाख खर्च आल्याचे सांगतात. १४ जानेवारी १७९९ रोजी हा तरुण लवाजमा घेऊन रेसिडेंट चेरीकडे न्याहारीला गेला. चहा आला, तक्रारी सुरू झाल्या आणि चेरी मारला गेला. जमाव तिथून न्यायाधीश सॅम्युएल डेव्हिसच्या बंगल्यावर गेला. हा डेव्हिस सूर्यसिद्धान्ताचा अभ्यासक. बायकामुलांना गच्चीवर पाठवून तो अरुंद जिन्याच्या तोंडाशी भाला घेऊन उभा राहिला आणि फौज येईपर्यंत एकट्याने जिना अडवून धरला. ग्रहणाचे गणित मांडणाऱ्या माणसाकडून अशी अपेक्षा कोणी करत नाही, हल्लेखोरांनीही केली नव्हती. वझीर अली जयपूरला पकडला गेला. फाशी देऊ नये, बेड्या घालू नयेत, या अटीवर जयपूरच्या राजाने त्याला हवाली केले. कंपनीने शब्द पाळला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये त्याला लोखंडी पिंजऱ्यात ठेवले. १८१७ मध्ये तो मेला, तेव्हा अंत्यविधीला ७० रुपये लागले.

राघोबांची मुले मात्र अधिक व्यवहारी निघाली. थोरला दत्तक मुलगा अमृतराव. १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून त्याने सात लाखांचे वर्षासन मिळवले आणि उरलेले आयुष्य कर्वी आणि काशी येथे दानधर्म करण्यात घालवले. १८०७ च्या सुमारास त्याने गंगेवर घाट आणि गणपतीचे देऊळ बांधले. धाकटा चिमाजी आप्पा. त्याची कथा नात्यांची माहिती असलेल्या आजीबाईंनाच नीट कळेल. १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले. राघोबांचा बाजीराव नको, म्हणून १७९६ मध्ये मुत्सद्द्यांनी चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या, मांडीवर दत्तक दिले. आता चिमाजी हा सवाई माधवरावांचा नात्याने चुलता. म्हणजे काका पुतण्याचा मुलगा झाला आणि सख्ख्या भावाचा नातू लागू लागला. काही महिन्यांत वारे फिरले, बाजीराव गादीवर आला, दत्तविधान अशास्त्रीय ठरले, चिमाजीला प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि संमती देणाऱ्या शास्त्र्यांची पंचाईत झाली. १८१८ नंतर चिमाजी काशीला येऊन राहिला. त्याच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी काशीत जन्मली, म्हणून तिचे नाव मणिकर्णिका. तिचे पुढचे नाव लक्ष्मीबाई. पराभूत पेशवाईच्या निवृत्तिवेतनातून एवढी एक गोष्ट निघाली, जिचा हिशेब कंपनीला १८५७ मध्ये चुकवावा लागला.

आणि बाजीराव? १८१८ मध्ये त्याने इंग्रज अधिकारी माल्कमकडे शरणागती पत्करली, त्या अटींत काशी किंवा गव्हर्नर जनरल ठरवील ते अन्य तीर्थ, असा मजकूर होता. इंग्रजांनी ‘किंवा’वर भर दिला आणि त्याला ब्रह्मावर्ताला ठेवले. वर्षासन आठ लाख. हा माणूस फार दिवस काढणार नाही, असा कंपनीचा अंदाज होता. बाजीराव आणखी बत्तीसहून अधिक वर्षे जगला, १८५१ मध्ये वारला. अकरा लग्ने केलेल्या माणसाच्या चिकाटीविषयी कंपनीने आधी चौकशी करायला हवी होती. काशीत राहायला मिळाले नाही, पण तिथल्या कोतवालाशी संबंध त्याने चांगले ठेवले.

काशीतल्या सगळ्यांत रंगतदार बदनामीचा मान मात्र कुठल्या सरदाराकडे जात नाही, तो व्याकरणाच्या आणि अलंकारशास्त्राच्या एका पंडिताकडे जातो. शहाजहानने ‘पंडितराज’ पदवी दिलेला तेलंगी जगन्नाथ. दरबारातल्या लवंगी नावाच्या यवन मुलीशी त्याने लग्न केले, काशीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले. मग तो तिला घेऊन पंचगंगा घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसला आणि गंगेची स्तुती, म्हणजे ‘गंगालहरी’, गाऊ लागला. एकेका श्लोकाला गंगा एकेक पायरी चढली, बावन्न पायऱ्या चढून आली आणि दोघांना घेऊन गेली. या कथेत अप्पय्य दीक्षित त्याला घाटावर झापतात असेही येते. अप्पय्य दीक्षित सोळाव्या शतकाच्या अखेरीस वारले आणि शहाजहान तख्तावर आला १६२८ मध्ये. पण सोवळेपणा मोडलेला दिसला की वारलेले पंडितही उठून येतात, यावर बनारसमध्ये कोणाला आश्चर्य वाटत नाही.

खरे भांडण पुस्तकांतले होते आणि ते कथेपेक्षा अश्लील होते. भट्टोजी दीक्षितांनी ‘प्रौढमनोरमा’ लिहिली आणि तीत आपल्याच गुरूंचे, शेष श्रीकृष्णांचे, मत खोडले. जगन्नाथाचे गुरू शेष घराण्यातलेच. त्याने चिडून प्रतिग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव ठेवले ‘मनोरमाकुचमर्दन’. विषय निव्वळ पाणिनीचे व्याकरण. मुखपृष्ठ पाहून ते विकत घेणाऱ्याची निराशा पहिल्याच पानावर होईल.

महाराष्ट्राने या वाळीत टाकलेल्या माणसाला फार प्रेमाने घरात घेतले. वामन पंडिताने ‘गंगालहरी’ मराठीत आणली. ज्येष्ठात दशहऱ्याचे दहा दिवस नदीकाठच्या गावांत सोवळ्यातल्या बायका ती म्हणत आल्या आणि कवीच्या बायकोची जात कोणी विचारली नाही. १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले आणि गंगाकिनारी बसलेले ते बहिष्कृत जोडपे दादर-गिरगावपासून सांगलीपर्यंत वन्स मोअर घेऊ लागले. भट्टोजींची ‘सिद्धान्तकौमुदी’ आजही संस्कृत पाठशाळांत घोकली जाते. तिच्यावर अजून कोणी नाट्यपद रचलेले नाही.